विलायती ताट आणि आपली पंगत

बाहेर जेवावयास जाणे ही आता शहरी माणसाच्या आयुष्यातली नित्याची गोष्ट झाली आहे. आमच्या बडोद्यात रविवारी संध्याकाळी एखाद्या घरची चूल पेटली नाही, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्याचे काहीच नवल वाटत नाही. सेव-उसळीच्या गाडीपासून गुजराती थाळीपर्यंत आणि पंजाबी तंदुरीपासून चिनी शेवयांपर्यंत नाना प्रकार येथे मिळतात. त्यांतच मोठ्या हॉटेलांच्या आणि काही नव्या उपाहारगृहांच्या यादीत ‘फिश अँड चिप्स’ हे नाव आढळते. किंमत पाहून कोणी यादी मिटवितो. तर कोणी, आपण काही साहेबी थाटाचे खाणार या कल्पनेने, खुर्चीत सावरून बसतो. हा पदार्थ मुळात काय आहे, तो कोणी घडविला, चांगला कसा ओळखावा आणि बडोद्यासारख्या शहरात चार माणसांबरोबर खाताना कशाचे भान ठेवावे, याविषयी आज थोडे सांगावयाचे आहे.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. आपल्याकडे चिप्स म्हटले की बटाट्याचे पातळ, कुरकुरीत काप, म्हणजे वेफर्स, डोळ्यांपुढे येतात. इंग्लंडात त्या वस्तूला ‘क्रिस्प्स’ म्हणतात. तेथे चिप्स म्हणजे बोटाएवढे जाड, बाहेरून खरपूस आणि आतून मऊ असे बटाट्याचे तुकडे. आपण ज्यांना फिंगर चिप्स म्हणतो, त्यांचेच जरा दणकट भावंड. आणि मासा म्हणजे काटे काढलेला, पांढऱ्या मांसाचा एक लांबट मोठा तुकडा, सैलसर भिजविलेल्या पिठात बुडवून भरपूर तेलात तळलेला. तेथे तो बहुधा कॉड अथवा हॅडॉक या थंड समुद्रातल्या माशाचा असतो. वर मीठ आणि व्हिनेगरचा शिडकावा, बाजूस शिजवून घोटलेले वाटाणे. मसाला नाही, फोडणी नाही, वाटण नाही. आपल्या जिभेला तो पहिल्या घासाला अळणी वाटला, तर त्यात जिभेचाही दोष नाही आणि पदार्थाचाही नाही.

आता या जोडीचा कुलवृत्तान्त पाहू. ‘इंग्रजांचे राष्ट्रीय अन्न’ अशी तिची ख्याती असली, तरी तिच्यातला मासाही मुळात इंग्रजी पद्धतीने तळलेला नाही आणि बटाटाही इंग्रजी नाही. इ. स. 1492 मध्ये स्पेनच्या राजाराणीने आपल्या राज्यातल्या ज्यू लोकांना देशाबाहेर घालविले. पाच वर्षांनी पोर्तुगालमध्येही त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती झाली. देशोधडीस लागलेल्या या लोकांपैकी काही कुटुंबे पुढे इंग्लंडात पोचली आणि 1656 पासून त्यांना तेथे पुन्हा उघडपणे राहता येऊ लागले. त्यांच्याबरोबर त्यांची एक पाकक्रिया आली. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत ज्यूंचा शब्बाथ असतो. त्या काळात चूल पेटवावयाची नाही. म्हणून शुक्रवारी दिवसाउजेडी मासा पिठात घोळवून, तेलात तळून ठेवावयाचा आणि दुसऱ्या दिवशी गारच खावयाचा, अशी त्यांची वहिवाट होती.

मराठी माणसाला हा नेम अगदीच परका वाटावयाचे कारण नाही. आजच्या रायगड जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, घरी मराठी बोलणारे बेने इस्रायल लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ असे नाव दिले होते. धर्म कोणता हे गावाला कळो न कळो, शनिवारी घाणा फिरत नाही एवढे मात्र कळत होते.

बटाट्याची गोष्ट आणखी निराळी. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा रहिवासी. स्पॅनिश लोकांनी तो युरोपात आणला, आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर त्याचे नाव आले ते पोर्तुगीजांच्या तोंडून. उत्तरेकडे त्याला आलू म्हणतात. मराठीने मात्र पोर्तुगीज ‘बटाटा’ हाच शब्द उचलला, जसा ‘पाव’ उचलला तसाच. वसईवर 1739 पर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ, पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या मुलखाच्या बोलीत आणि स्वयंपाकघरात त्याच्या खुणा आजही सापडतात. आपण ज्याला उपवासाला चालवून घेतो, तो बटाटा असा सात समुद्रांपलीकडून आलेला पाहुणा आहे.

इंग्लंडात मासा आणि बटाटा प्रथम वेगवेगळे विकले जात. चार्लस डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ या 1838 च्या कादंबरीत लंडनच्या एका गलिच्छ गल्लीत तळलेल्या माशांची वखार आहे. 1859 च्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’मध्ये तेलात तळलेल्या बटाट्याच्या तुकड्यांचा उल्लेख आहे. ही दोन दुकाने एकत्र कोणी केली, यावर लंडन आणि लँकेशायर यांचा जुना वाद आहे. लंडनचे लोक 1860 च्या सुमारास पूर्व लंडनमध्ये दुकान घातलेल्या जोसेफ मालिन या ज्यू गृहस्थाचे नाव घेतात. लँकेशायरवाले 1863 मध्ये मॉस्ली गावात धंदा सुरू करणाऱ्या जॉन लीझचे. निकाल कोणाच्याही बाजूने लागो, हा पदार्थ फोफावला तो यंत्रयुगामुळे. वाफेवर चालणाऱ्या बोटी उत्तर समुद्रातून मासळीचे ढीग आणू लागल्या. ग्रिम्सबी आणि हलसारख्या बंदरांतून आगगाड्या ती बर्फात घालून गिरण्यांच्या गावी पोचवू लागल्या. गिरणीत नवराबायको दोघेही राबत. संध्याकाळी घरी जाऊन चूल पेटविण्याइतके त्राण कोणात उरत नसे. अशा वेळी कोपऱ्यावरच्या दुकानात चार पेन्यांत गरम, पोटभर अन्न मिळे. 1910 च्या सुमारास ब्रिटनमध्ये अशी सुमारे 25 हजार दुकाने होती. आज ती दहा हजारांच्या आसपास आहेत.

तेव्हा हा साहेबाचा खाना, ही आपली समजूत चुकीची ठरते. सभ्य वस्तीतले लोक या दुकानांच्या तळणीच्या वासाला नाके मुरडीत. उपद्रवी धंद्यांच्या सरकारी यादीत मासे तळण्याचा धंदा 1940 पर्यंत होता. कागदात गुंडाळलेले ते अन्न लोक रस्त्यावर उभ्याउभ्याने, हातांनी खात. तो कागद बहुधा कालचे वर्तमानपत्र असे; छपाईची शाई पोटात जाऊ नये म्हणून ती चाल 1980 नंतरच्या दशकात मोडली. आपल्याकडेही अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 साली वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असे बजावले आहे. फाफडा वर्तमानपत्रात घेणाऱ्या आम्हा बडोदेकरांनी हे ध्यानात ठेवावे. वर्तमानपत्र वाचण्यासाठी असते. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात लोणी, साखर, मांस यांवर शिधापत्रिका आल्या. पण मासा आणि बटाटा शिधावाटपाबाहेर ठेवण्यात आले. कामकऱ्याचे हे एक सुख काढून घेतले तर लोकांचा धीर सुटेल, हे सरकारला उमगले होते.

शुक्रवारचाही यात वाटा आहे. ख्रिस्ताच्या मरणाचा वार म्हणून आम्हा कॅथॉलिकांत शुक्रवारी मांस वर्ज्य असे. मासा मात्र चालत असे. 1966 मध्ये पोप सहावे पॉल यांनी या नेमात सवलत देण्याची मुभा देशोदेशींच्या बिशपांना दिली. इंग्लंडच्या बिशपांनी 2011 साली तो नेम पुन्हा लागू केला. नेम पाळणारे आणि न पाळणारे, दोघेही तेथे शुक्रवारी संध्याकाळी त्याच दुकानापुढे रांग लावतात. ज्यूंचा शुक्रवार आणि ख्रिश्चनांचा शुक्रवार एका कढईत असे एकत्र आले. पुढे स्कॉटलंड-आयर्लंडात ही दुकाने इटालियन कुटुंबांनी चालविली, इंग्लंडात सायप्रसच्या, चीनच्या आणि आपल्या देशातून गेलेल्या माणसांनी. कित्येक दुकानांत चिप्सवर ओतावयास ‘करी सॉस’ मिळतो, तो या देवघेवीचाच प्रसाद होय.

ही गोष्ट बडोदेकरांना सांगण्यात माझा एक हेतू आहे. आमच्या शहराचा अभिमान असलेली सेव-उसळ घ्या. ‘उसळ’ हा शब्द मराठी. तिच्यावरची शेव आणि खाण्याचा थाट गुजराती. येथला लिलो चेवडा म्हणजे हरभऱ्याची डाळ आणि तळलेला बटाट्याचा कीस. बटाटा कसा तळावा हे बडोद्याला कोणी परदेशातून येऊन शिकविण्याची गरज नाही.

मालाचेही तसेच. गुजरात म्हणजे शाकाहारी प्रांत, अशी सर्वत्र समजूत आहे. परंतु देशातल्या राज्यांत सर्वांत लांब समुद्रकिनारा गुजरातचा. वेरावळ हे मासेमारीचे फार मोठे बंदर असून तेथली मासळी बर्फात गोठवून परदेशी जाते. 2023 साली राज्य सरकारने ‘घोळ’ या माशाला राज्यमत्स्य म्हणून घोषित केले. बनासकांठ्यातले डीसा तर बटाट्याचे गाव म्हणूनच प्रसिद्ध आहे. म्हणजे या विलायती ताटातला मासा आणि बटाटा हे दोन्ही गुजरातच्याच जमिनीवरचे आणि समुद्रातले असू शकतात. मात्र ते तसे असतीलच असे नाही. पुष्कळ उपाहारगृहांत ‘बासा’ हा गोड्या पाण्यातला, तळ्यांत वाढविलेला मासा वापरतात. तो स्वस्त, बिनकाट्याचा आणि वास नसलेला. पण चवही तशीच बेताची. कॉड आपल्या उष्ण समुद्रात मिळत नाही. त्याच्या जागी घोळ, रावस, अथवा बंगालात ज्याला भेटकी म्हणतात तो जिताडा, असा घट्ट पांढऱ्या मांसाचा मासा अधिक शोभतो. पापलेटाचा तुकडा पातळ, म्हणून तो तव्यावरच बरा. तेव्हा मागविण्यापूर्वी, ‘मासा कोणता?’ एवढे विचारावे. उत्तर मिळण्यास विलंब लागला तर काय समजावयाचे ते समजावे.

चांगला पदार्थ कसा ओळखावा? येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. पीठ भिजविताना त्यात खाण्याचा सोडा, बिअर किंवा सोडावॉटर घालतात. त्यातल्या वायूचे बुडबुडे तापल्यावर फुगतात आणि आवरण हलके, जाळीदार होते. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे येथला आचारी सोडावॉटरच वापरतो आणि त्याने काही बिघडत नाही. तेल सुमारे 180 अंश सेल्सियस तापलेले असले, की आवरण क्षणात धरते आणि आतला मासा तेलात न तळला जाता स्वतःच्याच वाफेवर शिजतो. काट्याने टोचताच आवरण कडकन मोडावे, आणि आतले मांस ओलसर, पाकळ्यापाकळ्यांनी सुटे व्हावे. तेल थंड असेल तर आवरण तेल पिते. मग मासा कितीही ताजा असो, ताटलीत तेलाचे ओघळ दिसतात.

चिप्स दोनदा तळावे लागतात: प्रथम मंद आचेवर, आतपर्यंत शिजण्यासाठी, नंतर कडक आचेवर, बाहेरून खरपूस होण्यासाठी. बटाटा पिठूळ हवा. नवा बटाटा पाणचट असल्यामुळे त्याचे चिप्स लुळे पडतात. शीतगृहात फार थंडीत ठेवलेल्या बटाट्यातल्या पिष्टाची काही अंशी साखर होते. असा बटाटा कढईत पडताच काळपटतो आणि गोडसर लागतो. म्हणून तळणीसाठीचा बटाटा किंचित उबदार, दहा-बारा अंशांच्या शीतगृहात ठेवतात. आणि तेल! तेच तेल पुन्हापुन्हा तापविले की त्यात अपायकारक द्रव्ये साचतात. आपल्या प्राधिकरणाने त्यांची मर्यादा 25 टक्क्यांवर ठरविली आहे. गिऱ्हाईक काही प्रयोगशाळा घेऊन जात नाही; पण दुकानाच्या दारात शिरताच येणारा उग्र, जुनाट वास आणि काळवंडलेले आवरण ही त्याची साधी परीक्षा आहे.

खाण्याची रीत विचाराल तर ती सोपी आहे. काट्याचमच्यांची रांग पाहून बिचकू नये. जो पदार्थ मुळात कागदातून हातांनी खाल्ला जाई, तो हातांनी खाल्ल्याने कोणाची प्रतिष्ठा जात नाही. व्हिनेगर ताटावर बसल्यानंतरच थेंबथेंब घालावे. आधी घातले तर आवरण भिजते. ते नसेल तर लिंबू पिळावे. पदार्थ आल्याबरोबर खावा, कारण दहा मिनिटांनी त्याचा कडकपणा जातो. आणि तो जड असतो, म्हणून घरच्या लहान मुलांसाठी एक ताट दोघांत पुरते.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. बडोद्यात आपल्याबरोबर जेवावयास येणाऱ्या चौघांत दोघे तरी शाकाहारी असतात. त्यांना वाटते, मासा नको, पण चिप्स घ्यावयास काय हरकत आहे? हरकत कढईची असते. ज्या तेलात मासा तळला त्याच तेलात चिप्स तळले असतील, तर शाकाहाऱ्याच्या दृष्टीने ते चालण्यासारखे नाहीत. इंग्लंडच्या उत्तर भागात तर आजही कित्येक दुकाने गोमांसाच्या चरबीत तळतात. तेथे गेलेल्या आपल्या मुलांनी आणि पाहुण्यांनी हा प्रश्न आधी विचारावा. येथेही यजमानाने मागविण्याच्या वेळीच चौकशी करावी, की बटाट्याची कढई वेगळी आहे काय. चौकशी मोकळेपणाने केली की पाहुण्याला संकोच पडत नाही. मित्र ‘नको’ म्हणाला तर तो आपल्या अन्नाचा अपमान नव्हे. आणि आपण मासा खाल्ला तर तो त्याच्या श्रद्धेचा अपमान नव्हे. एवढे दोन्ही बाजूंनी मानले की एका टेबलाशी बसता येते.

एका टेबलाशी बसणे ही लहान गोष्ट नाही. याच बडोद्याचा एक इतिहास आहे. महाराज सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये भीमराव आंबेडकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार 1917 मध्ये ते संस्थानच्या नोकरीसाठी येथे आले, तेव्हा त्या विद्याविभूषित तरुणाला शहरात राहावयास आणि जेवावयास जागा मिळेना. जात लपवून, पारशी नाव सांगून, ते एका पारशी उतारशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्यांना फर्मावण्यात आले. त्यांनी दोन स्नेह्यांना विचारले. हिंदू स्नेही म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती स्नेह्याने पत्नीला विचारावे लागेल असे सांगितले. ती मंडळी मूळची ब्राह्मण, आणि पत्नी सोवळ्याची असल्याने तिची संमती मिळणार नाही हे उघड होते. अखेर कमाटीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, काही तास काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. वर्गात हा प्रसंग सांगताना मी ख्रिस्ती स्नेह्याचा भाग कधी गाळीत नाही. बंद दारांच्या त्या रांगेत आमचेही एक दार होते, हे आमच्या मुलांना ठाऊक असले पाहिजे.

इंग्लंडातल्या तळणीच्या दुकानांनी तेथे समता आणली, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तेथेही श्रीमंत त्या रांगेत उभे राहत नसत. परंतु त्या रांगेत पुढचा कोण आणि मागचा कोण हे येण्याच्या वेळेवरून ठरे, जन्मावरून नव्हे; आणि हातात चार पेन्या असल्या की कोणाही माणसाला गरम घास मिळे. परागंदा ज्यूंची तळणी, अमेरिकेतला बटाटा, कोळ्यांची मासळी आणि गिरणीकामगारांची भूक यांतून जे अन्न उभे राहिले, त्याला पुढे एका राष्ट्राने आपले म्हटले. आज बडोद्याच्या वातानुकूलित दालनात ते चिनी मातीच्या ताटात, लिंबाच्या फोडीसह येते आणि त्याचे दामही दालनाला शोभतील असेच असतात.

ते अवश्य खावे. खिशाला परवडेल तेव्हा खावे, मासा विचारून आणि तेल हुंगून खावे. मात्र त्याचा विलायतीपणा हे काही त्याचे मोल नव्हे. ज्याच्याबरोबर आपण आजवर कधी जेवलो नाही, अशा एखाद्या सहकाऱ्याला त्या संध्याकाळी बरोबर न्यावे. त्याने मासा खाल्ला नाही तरी चालेल. वेगळ्या कढईतले चिप्स दोघांच्या मध्ये ठेवावेत. तेवढी एक ताटली रिकामी होईपर्यंत पुष्कळ बोलणे होते.